पोस्टरवर एकच शब्द: पोलंडच्या सरकारी सर्कशीची जाहिरात, 1962 ते 1989

सर्कशीच्या पोस्टरवर काय काय असतं, हे सांगायला कुणी चित्रकार लागत नाही. तंबू, हत्ती, जबडा वासलेला वाघ, झुल्यावरच्या मुली, मैदानाचं नाव, खेळांच्या वेळा, तिकिटाचे दर आणि ‘फक्त थोडेच दिवस!’ 1962 मध्ये वॉर्सातल्या एका सरकारी मनोरंजन कंपनीने यातलं जवळजवळ सगळं बाजूला ठेवायची मुभा चित्रकारांना दिली. उरलं एक मोठं चित्र आणि रोमन लिपीतली चार अक्षरं: सी, वाय, आर, के. उच्चार ‘त्सिर्क’, म्हणजे सर्कस. कुठली सर्कस, कुठे, कधी, कितीला, यातलं काहीही नाही.

जाहिरात म्हणून बघितलं तर हे काम अर्धवटच म्हणायला हवं. तरीही त्या ऑर्डरींमधून पुढची पंचवीसेक वर्षं अशी पोस्टरं निघत राहिली, की आज जगभरचे संग्राहक ती शोधत फिरतात आणि ग्राफिक डिझाइन शिकवताना ती हमखास दाखवली जातात. यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: पोलिश चित्रकार प्रतिभावान होते. होतेच. पण प्रतिभावान चित्रकार हाताशी असूनही रद्दी छापणारी गिऱ्हाइकं आपण रोज बघतो. मला या प्रकरणात चित्रकारांइतकाच रस आहे तो गिऱ्हाइकात आणि त्याने घालून दिलेल्या व्यवस्थेत.

आधीची सर्कस, आधीचं पोस्टर

युरोपातल्या सर्कशीच्या पोस्टरचा साचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्का झाला होता. हॅम्बुर्गचा अडोल्फ फ्रीडलेंडर हा त्यातला सगळ्यात नावाजलेला छापखानेवाला. 1872 पासून त्याच्या शिळाप्रेसवर सर्कशी, जादूगार आणि प्राणीसंग्रहवाल्यांची रंगीत पोस्टरं छापली जात. एकेका रंगासाठी वेगळा दगड, कागदाचा कोपरानकोपरा भरलेला, आणि मजकुरात कलाकाराचं नाव ठसठशीत. पोस्टर म्हणजे लेखी वायदा असायचा: हा माणूस, हे सिंह, हा खेळ तुम्हाला तंबूत दिसेल.

एक गोष्ट मात्र तेव्हाही वेगळी छापली जायची, ती म्हणजे तारीख आणि गाव. फिरती सर्कस आज इथे, चार दिवसांनी तिथे. प्रत्येक गावासाठी महागडं रंगीत पोस्टर कोण छापणार? म्हणून चित्र एकदाच भरपूर छापून ठेवायचं आणि स्थळ-काळाची साधी पट्टी मुक्कामाच्या गावी त्याखाली किंवा शेजारी चिकटवायची, ही रीत अमेरिकेतल्या मोठ्या सर्कशींमध्येही होती. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोलिश पोस्टरवर तारीख नाही याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, पण ती काटकसर जुनी आणि धंद्यातलीच होती. नवं होतं ते पुढचं पाऊल. तारखेबरोबर कलाकाराचं नावही गेलं, खेळाचा वायदाही गेला.

पोलंडला सर्कस नवी नव्हती. वॉर्सातल्या ऑर्डिनात्स्का रस्त्यावर 1883 पासून पक्क्या इमारतीतली सर्कस होती. पुढे ती स्तान्येव्स्की बंधूंच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि सप्टेंबर 1939 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली. युद्धानंतर देशात कम्युनिस्ट राजवट आली आणि सर्कस सरकारी झाली. त्यात नवल काही नव्हतं. रशियात लेनिनच्या सरकारने 1919 मध्येच सर्कशी ताब्यात घेतल्या होत्या, कारण ही कष्टकऱ्यांची करमणूक, शिवाय संवाद नसल्याने त्यातून वावगं काही बोललं जाण्याची भीतीही कमी. पोलंडमध्ये सर्कशींचा कारभार ‘एकत्रित मनोरंजन उद्योग’ या, सुरुवातीला उल्लेख केलेल्या सरकारी कंपनीकडे होता. तिच्या पोलिश नावाची आद्याक्षरं झेड, पी, आर. वॉर्साजवळ, कांपिनोसच्या जंगलाला लागून युलिनेक इथे सर्कशींचा हिवाळी तळ आणि कसरतीची शाळा होती. उन्हाळा आला की इथून तंबू देशभर निघायचे.

थोडक्यात, गिऱ्हाईक एकच, आणि गावात दुसरा तंबू पडून प्रेक्षक पळवेल ही धास्ती त्याला नव्हती.

तयार असलेले हात

झेडपीआरने नवी पोस्टरं मागवली तेव्हा पोस्टर हा पोलंडमध्ये प्रतिष्ठेचा कलाप्रकार होऊन बसला होता. त्याची सुरुवात सिनेमाने केली. युद्ध संपल्या संपल्या सरकारी चित्रपटसंस्थेने हेन्रिक तोमाशेव्स्की आणि एरिक लिपिन्स्की या चित्रकारांना सिनेमाची पोस्टरं करायला सांगितली. नटनट्यांचे चेहरे रंगवण्याचं हे काम तेव्हा हलकं समजलं जाई. आम्ही आमच्या पद्धतीने करू, या अटीवर त्यांनी ते घेतलं. 1948 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात तोमाशेव्स्कीने पाच प्रथम पारितोषिकं पटकावली आणि बाहेरच्यांच्या नजरा इकडे वळल्या. मध्ये समाजवादी वास्तववादाची, म्हणजे कलेने पक्षाचाच गौरव करायचा या दंडकाची, सक्तीची वर्षं आली, पण पोस्टरने चित्रकलेपेक्षा ती बरी निभावली. 1952 पासून तोमाशेव्स्की आणि युझेफ म्रोश्चाक वॉर्साच्या ललित कला अकादमीत पोस्टरचे वर्ग चालवत होते, त्यामुळे पुढची फळी शिकून बाहेर पडत होती. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर, विशेषतः 1956 नंतर वातावरण सैल झालं. 1960 मध्ये पोस्टरकार यान लेनित्साने स्वित्झर्लंडच्या ‘ग्राफिस’ मासिकात लिहिताना या सगळ्याला ‘पोलिश पोस्टर स्कूल’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

म्हणजे 1962 मध्ये नाट्यगृहांची, ऑपेराची, सिनेमाची पोस्टरं उत्तम होती आणि सर्कशीची मात्र मागे राहिलेली. झेडपीआरची अडचण एवढीच होती: आपली जाहिरात जुनाट दिसते. उपायही त्यांनी सरळ केला. चांगले चित्रकार ज्या दारातून येतात त्याच दारात आपली ऑर्डर नेली.

ते दार म्हणजे ‘वाग’, कला आणि ग्राफिक छपाईचं सरकारी प्रकाशनगृह. काम इथून जायचं. चित्रकार मूळ चित्र करून आणायचा. कलासमिती ते बघायची, आणि या समितीत पोस्टरचे जाणकार असत. समितीतून पार पडलं की सेन्सॉर. मग ऑफसेटवर छपाई. कागदाचा आकार ठरलेला, साधारण 98 सेंटिमीटर उंच आणि 67 रुंद. शाई आणि कागद यथातथाच.

या साखळीत एक माणूस कुठेच दिसत नाही, तो म्हणजे विक्री खात्याचा. जाहिरात संस्थेत चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, ले-आउट कुठे मरतो ते. ‘लोगो जरा मोठा करा’, ‘इथे जागा रिकामी आहे, ऑफर टाका’, ‘हत्ती हसरा दाखवा’ या सूचना पोलंडमध्ये देणार कोण? सर्कशीला लोगो नव्हता. ऑफर नव्हती. चित्रकाराच्या कामाला दाद किंवा नकार देणारे बहुतेक त्याच्याच बिरादरीतले, आणि सेन्सॉरला सायकलवरच्या अस्वलात आक्षेपार्ह शोधायला फारसा वाव नव्हता. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. सरकारने स्वातंत्र्य दिलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. सर्कस ही सरकारच्या लेखी निरुपद्रवी गोष्ट होती आणि तिच्या पोस्टरवर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं. त्या दोन फटींमधून जेवढी मोकळीक मिळाली ती चित्रकारांनी पुरेपूर वापरली.

चार अक्षरांचं लेटरिंग

पोस्टरवर शब्द एकच उरला की तो शब्द चित्रात उतरतो. ठरलेला टाइप नव्हता, दर वेळी चित्रकार अक्षरं नव्याने काढायचा. सर्कशीच्या दृष्टीने ही चार रोमन अक्षरं भलतीच सोयीची आहेत. सी हे उघडं रिंगण. वाय म्हणजे हात वर करून उभा राहिलेला कसरतपटू. आर आणि के दोघांचेही पाय बाहेर फेकलेले. पाच-सात पोस्टरं शेजारी ठेवून नुसती अक्षरं बघत गेलं तरी वेळ बरा जातो: कुठे ब्रशने ओढलेली, कुठे कात्रीने कापल्यासारखी, कुठे जनावराच्या अंगातून बाहेर आलेली.

हातही नाना तऱ्हेचे. हूबेर्ट हिल्शरची चित्रं समांतर रेषा आणि भूमितीवर उभी असतात. सिंहाची आयाळ किंवा वाघाचे पट्टे म्हणजे त्याला रंगीत पट्ट्या लावायला मिळालेलं निमित्तच. ‘प्रोयेक्ट’ या डिझाइन मासिकाची मांडणी तो करायचा, ती शिस्त इथेही दिसते. यान म्वोदोझेन्येत्सची जाड काळी बाह्यरेषा आणि तिच्या आत भरलेले भडक सपाट रंग लांबूनही ओळखू येतात. रेषा मुद्दाम पोरकट ठेवलेली, पण एकही जागा ढिली नाही. वाल्देमार श्व्येझीचा ब्रश मात्र वाहता. 1974 चं त्याचं रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं पोस्टर ज्यांनी पाहिलंय त्यांना तो हात परिचयाचा असेल. व्हिक्तोर गुर्का, तादेउश योद्वोव्स्की, आणि सुरुवातीच्या काळात रोमान चेश्लेविच हेही यात होते. चेश्लेविच 1963 मध्ये पॅरिसला गेला आणि तिथला मोठा डिझाइनर झाला. सत्तरच्या दशकात यान साव्कासारखे तरुण आले, सपाट रंगांची जागा पॉप आर्टने आणि गमतीदार वास्तवविसंगतीने घेतली.

एक पोस्टर जवळून: उर्बान्येत्सची मोनालिसा, 1970

माचेय उर्बान्येत्सचा जन्म 1925 चा. पोस्टरकार आणि शिक्षक, दोन्ही. 1970 मध्ये त्याने सर्कशीसाठी जे केलं ते या सगळ्या मालिकेतलं बहुधा सर्वांत जास्त छापलं गेलेलं चित्र असावं. कल्पना एका ओळीत सांगता येते: मोनालिसा ही अंग मोडून दाखवणारी कसरतपटू आहे. चेहरा तोच, हसू तेच, एकावर एक ठेवलेले हात तेच. फक्त तिचं धड मागून वर वळलंय आणि पाय डोक्यावरून पुढे आलेत.

एका ओळीची कल्पना बहुतेक वेळा एका नजरेत संपते. ही संपत नाही, त्याला कारणं आहेत. लिओनार्दोचं मूळ चित्र कमरेपर्यंतचं आहे. खाली काय आहे हे पाचशे वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. उर्बान्येत्सने चित्राचा न दिसणारा अर्धा भाग दाखवला, आणि दाखवला तो वरच्या बाजूला. दुसरं म्हणजे त्याने चेहऱ्याला हात लावला नाही. 1919 मध्ये फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने मोनालिसाच्या छापील चित्रावर मिशा काढल्या तेव्हापासून तिची थट्टा करणाऱ्यांची रांग लागलेली आहे आणि बहुतेकांनी तोंडच रंगवलं. इथे चेहरा जसाच्या तसा ठेवल्यामुळे ते प्रसिद्ध स्मित अचानक कसरतपटूचं स्मित होतं. सर्कशीत ज्यांनी असे खेळ पाहिलेत त्यांना ते ओळखू येईल: पाठीचा कणा उलटा वळलेला असताना प्रेक्षकांकडे बघून केलेलं, श्रम लपवणारं हसू. शतकानुशतकं गूढ म्हणून चर्चिलेल्या हास्याचा इतका व्यावहारिक खुलासा दुसऱ्या कुणी केला नसेल.

मापाचाही एक गंमतीचा भाग आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं मूळ चित्र 77 बाय 53 सेंटिमीटरचं. वॉर्साच्या भिंतीवर चिकटवलेला हा कागद त्याहून चांगलाच मोठा.

आणि पोलंडकडे स्वतःची लिओनार्दोची बाई आहे. एर्मिन हा मुंगसासारखा छोटा प्राणी हातात धरलेली ती तरुणी क्राकूवमध्ये असते आणि पोलिश माणसाला तिचा कोण अभिमान! तरी उर्बान्येत्सने पॅरिसची निवडली. सर्कशीचा प्रेक्षक म्हणजे शाळकरी मुलं, शेतकरी, गिरणीकामगार. चालता चालता ओळख पटायला हवी, आणि तशी ओळख जगात एकाच चित्राला आहे.

आता हेच काम गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. पोस्टरवर हत्ती नाही, घोडा नाही, विदूषक नाही, तंबू नाही. बघणाऱ्याला कळतं ते एवढंच की आत अशक्य वाटणारं काहीतरी सहज केलं जातं. खाजगी मालक असता तर म्हणाला असता, माझ्याकडे चांगले आठ घोडे आहेत, ते कुठे गेले?

भिंत

ही पोस्टरं जिथे लागत ती जागा विसरून चालत नाही. 1944 च्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा पद्धतशीर उद्ध्वस्त केली, शहराचा सुमारे 85 टक्के भाग पडला होता. पुढची कित्येक वर्षं शहरभर बांधकामं आणि बांधकामांभोवती लांबच लांब फळ्यांची कुंपणं. मालाच्या जाहिराती जवळपास नाहीत, कारण विकायला फारसा मालच नाही. अशा करड्या रस्त्यावर नाटकाचं, सिनेमाचं, सर्कशीचं पोस्टर हाच काय तो रंग. पंधरा दुकानांच्या पाट्यांशी झगडायचं नसल्यामुळे चित्रकाराला ओरडावं लागत नव्हतं. आपल्याकडच्या चौकातल्या फ्लेक्सच्या गर्दीत म्वोदोझेन्येत्सचं पोस्टर लावलं तर ते टिकेल का, याबद्दल मला शंका आहे.

भिंतीवरून संग्रहालयात जायला पोस्टरला फार वाट बघावी लागली नाही. 1966 मध्ये वॉर्सात आंतरराष्ट्रीय पोस्टर बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन, सुरू झाली आणि 1968 मध्ये विलानूव्हच्या राजवाड्याच्या आवारात खास पोस्टरांचं संग्रहालय उघडलं, जगातलं अशा तऱ्हेचं पहिलं. म्हणजे ज्या सरकारच्या कंपन्या पोस्टर चिकटवत होत्या, तेच सरकार ती जपूनही ठेवत होतं. चित्रकारावर याचा परिणाम होणारच. आपलं काम सहकारी बघणार, परीक्षक बघणार, कदाचित संग्रहालयात जाणार, हे ठाऊक असलेला माणूस सर्कशीच्या गिऱ्हाइकासाठी किती काढतो आणि बिरादरीसाठी किती, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. काही पोस्टरं मला तरी दुसऱ्या प्रकारातली वाटतात. हुशारी भरपूर, पण सात वर्षांच्या पोराने ‘मला इथे न्या’ म्हणून हट्ट धरावा असं त्यात काही नाही.

विदूषकात बंडखोर शोधणारे

पाश्चात्त्य विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत या पोस्टरांबद्दल एक ठरलेली गोष्ट असते: प्रत्येक पिंजऱ्यातला सिंह म्हणजे दबलेली जनता, प्रत्येक चाबूकवाला म्हणजे पक्षाचा सचिव, आणि चित्रकारांनी सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून हे सगळं छापून घेतलं. वाचायला छान वाटतं. पोलिश प्रेक्षकाला ओळींमधलं वाचायची सवय होती यात वाद नाही, आणि रिंगमास्टर व सिंह ही जोडीच अशी आहे की दडपलेल्या देशात ती नुसती काढली तरी दोन अर्थ निघतात. पण सरसकट सगळ्या पोस्टरांवर बंडाचा शिक्का मारणं म्हणजे चित्रकारांच्या कामावर अन्याय. हिल्शरला पट्टे आवडायचे म्हणून त्याने पट्टे काढले. मोनालिसाच्या पाठीच्या कण्यात पॉलिटब्युरो शोधायला गेलं तर विनोद हातचा जातो.

आणि सेन्सॉर काही चकवलेला, झोपलेला नव्हता. पोस्टरच्या कडेला, पांढऱ्या पट्टीत, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: प्रकाशनगृह, छापखाना, किती प्रती, आणि सेन्सॉरचा सांकेतिक क्रमांक. सगळं रीतसर मंजूर झालेलं. आज संग्राहक भिंग लावून हीच ओळ आधी वाचतो, कारण या पोस्टरांची नवी पुनर्मुद्रणं बाजारात ढिगाने आहेत. मूळ प्रतीचा ठरलेला आकार, जुना कागद आणि ही ओळ, या तिन्हींचा मेळ बसला तर पुढची बोलणी.

शेवट कसा झाला

सत्तरीच्या दशकाच्या मध्याला वागचं काम ‘काव्ह’ या नव्या राष्ट्रीय प्रकाशनसंस्थेकडे गेलं. पोस्टरं निघत राहिली, त्यातली काही उत्तमही आहेत, पण पहिल्या फळीतला जोम ओसरत चालला होता. डिसेंबर 1981 मध्ये लष्करी कायदा आला. पाठोपाठ टंचाईची वर्षं, कागदाचीही टंचाई. ज्या देशात मांसासाठी रेशनकार्ड लागतं तिथे सर्कशीच्या पोस्टरवर कलासमिती किती वेळ बसवणार?

1989 मध्ये राजवट गेली आणि तिच्याबरोबर सरकारी सर्कसही. खाजगी मालक आले. प्रत्येकाचं स्वतःचं नाव, स्वतःचे खेळ, शेजारच्या गावात प्रतिस्पर्ध्याचा तंबू. पोस्टरवर फोटो परतले, वाघ परतले, मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत परतलं. या मालकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिकीट खपलं नाही तर जनावरांना खायला काय घालायचं, ही चिंता झेडपीआरच्या टेबलापर्यंत कधी आली नव्हती, ती आता त्यांच्या उशाशी होती. 1990 मध्ये सेन्सॉरचं कार्यालय बंद झालं. पोस्टरच्या कडेवरचा तो क्रमांक गेला, आणि कलासमितीपुढे सर्कशीचं चित्र ठेवून त्याचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक त्याच्या आधीच गेलं होतं.